औषधे सुरू असताना अनावश्यक रक्ततपासण्या का लिहिल्या जातात आणि त्या कशा कमी कराव्यात

दीर्घकाळ औषध घेणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये एक ओळ हमखास आढळते: ‘दर तीन महिन्यांनी सीबीसी, एलएफटी, क्रिएटिनिन’, म्हणजे अनुक्रमे रक्तपेशींची मोजणी, यकृताच्या तपासण्या आणि मूत्रपिंडाच्या कार्याचा निर्देशक. ती कोणी, कधी आणि कोणत्या शंकेपोटी लिहिली, याचा उल्लेख फाइलमध्ये सहसा नसतो. मधल्या काळात औषध बदललेले असते, डोस निम्म्यावर आलेला असतो, कधी डॉक्टरही बदललेले असतात, तरी ती ओळ प्रत्येक नव्या चिठ्ठीवर जशीच्या तशी उतरते. अशा ओळीचा उगम कसा शोधावा, तिच्यातील कोणती तपासणी राखावी आणि कोणती थांबवावी, हे या लेखात मांडले आहे. लेख मुख्यतः औषध लिहून देणाऱ्यांसाठी आहे. औषध घेणाऱ्यांनीही तो अवश्य वाचावा, परंतु त्याच्या आधारे कोणतीही तपासणी परस्पर बंद करू नये. कारण काही तपासण्यांवर खरोखरच जीव अवलंबून असतो, आणि आपली तपासणी कोणत्या गटात मोडते हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायला हवे.

आधी आवश्यक तपासण्या बाजूला काढा

अनावश्यक तपासण्यांविषयी बोलताना पहिली चूक होते ती सगळ्याच तपासण्यांकडे संशयाने पाहण्याची. म्हणून कामाची सुरुवात उलट्या टोकाने करावी आणि ज्या औषधांना नियमित तपासणीवाचून पर्याय नाही, ती आधी वेगळी काढावीत.

स्किझोफ्रेनियावरचे क्लोझापिन हे त्यातले सर्वांत ठळक उदाहरण आहे. या औषधामुळे काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, हे 1975 मध्ये फिनलंडमधील मृत्यूंमुळे जगासमोर आले. हा धोका पहिल्या अठरा आठवड्यांत सर्वाधिक असतो, पेशींची घट रक्तात दिसते, आणि ती वेळेवर दिसली तर औषध थांबवून रुग्णाला वाचवता येते. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत दर आठवड्याला पेशी मोजणे पूर्णपणे समर्थनीय आहे. संधिवातासारख्या आजारांवरील मेथोट्रेक्सेटचेही तसेच आहे: अस्थिमज्जा, यकृत आणि मूत्रपिंड या तिन्हींवर लक्ष ठेवावे लागते, सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी आणि स्थिरता आल्यावर साधारण बारा आठवड्यांनी. लिथियम या मनोविकारावरील औषधाची उपचारक पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फारच थोडे असते, शिवाय मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांवरही त्याचा परिणाम होतो. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचा निर्देशक), हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्याचे थायरॉइड व यकृत, तसेच एसीई इनहिबिटर (रक्तदाब व हृदयासाठीचे औषध) सुरू केल्यावर किंवा त्याचा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहणे, या सगळ्या तपासण्या निर्णयाशी थेट जोडलेल्या आहेत.

या औषधांत एक समान धागा दिसतो. इजा पुरेशी संभाव्य आहे, ती टप्प्याटप्प्याने वाढते, लक्षणे दिसण्याआधी रक्तात उमटते, आणि ती दिसल्यावर करण्याजोगे काहीतरी निश्चित असते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी 1968 मध्ये रोगांच्या चाळणी-तपासणीचे जे निकष मांडले, त्यांचाच हा औषधांना लागू पडणारा अवतार म्हणता येईल. औषधावर देखरेख ठेवणे हीदेखील एक चाळणीच आहे, कारण आपण लक्षणे नसलेल्या माणसात इजा शोधत असतो. मग चाळणीचे नियम तिला लागू न करण्याचे काही कारण नाही.

प्रत्येक तपासणीला चार प्रश्न विचारा

आपण वारंवार लिहितो अशा एका औषधाची निवड करावी. सगळी औषधे एकदम हाती घेतली की काम अर्धवट राहते. त्या औषधासोबत आपण नेमाने लिहितो त्या तपासण्या कागदावर उतरवाव्यात आणि प्रत्येकीपुढे चार प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या हाताने लिहावीत. ही तपासणी नेमकी कोणती इजा शोधते? ती इजा लक्षणांच्या आधी रक्तात दिसते का? दोन तपासण्यांच्या मधल्या काळात ती हळूहळू वाढते की अचानक उद्भवते? आणि कोणता आकडा आला तर मी काय करणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे असते, आणि अडखळायला होते तेही तिथेच. ‘बघू काय येते ते’ हे उत्तर आले, तर ती तपासणी लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे. कोणत्याही संभाव्य निकालाने औषध थांबणार नसेल, डोस बदलणार नसेल आणि पुढची कृती ठरणार नसेल, तर त्या निकालाचा रुग्णाला काय उपयोग?

तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ट्रॉग्लिटाझोन हे मधुमेहावरचे औषध अमेरिकेत 1997 मध्ये बाजारात आले. यकृत निकामी होण्याच्या घटना कळू लागल्यावर दर महिन्याला यकृताच्या तपासण्या करण्याची सूचना दिली गेली आणि ती पुढे अधिक कडक होत गेली. तरीही घटना थांबल्या नाहीत. प्रत्यक्षात सूचनेप्रमाणे तपासण्या फारशा होत नव्हत्या हे एक कारण होते. दुसरे आणि अधिक मूलभूत कारण असे की, काही रुग्णांत एक रिपोर्ट निर्दोष आल्यानंतर पुढची तपासणी होण्याआधीच यकृताची इजा परतीच्या पलीकडे गेली होती. अखेर 2000 मध्ये औषधच मागे घ्यावे लागले. महिन्याच्या अंतराने केलेली तपासणी दिवसांत घडणारी इजा पकडू शकत नाही, हा त्या प्रकरणातला धडा. त्याच वर्गातील रोझिग्लिटाझोन आणि पिओग्लिटाझोन या औषधांच्या माहितीपत्रकांतही सुरुवातीला पहिल्या वर्षभर दर दोन महिन्यांनी यकृत तपासण्याची सूचना होती. यकृताच्या बाबतीत ती औषधे तशी धोकादायक नाहीत हे अनुभवाने स्पष्ट झाल्यावर ती सूचना शिथिल करण्यात आली. एका औषधाविषयीची भीती त्याच्या भावंडांना वारशाने मिळते आणि पुरावा येईपर्यंत, कधी कधी त्यानंतरही, टिकून राहते.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचेही असेच झाले. अनेक वर्षे स्टॅटिन घेणाऱ्या प्रत्येकाची यकृत-तपासणी ठरावीक काळाने होत असे. 2012 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही नियमित तपासणी माहितीपत्रकातून काढून टाकली आणि औषध सुरू करण्यापूर्वी एकदा, व पुढे लक्षणे किंवा अन्य कारण असल्यासच, यकृत तपासावे असे सांगितले. स्टॅटिनमुळे यकृताला गंभीर इजा होणे दुर्मीळ आहे, ती कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि ठरावीक काळाने केलेल्या तपासण्यांनी ती ओळखता किंवा टाळता येते असे दिसत नाही, हे त्यामागचे कारण होते. काही मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या वर्षात एक-दोनदा एसजीपीटी (यकृताच्या इजेत रक्तात वाढणारे एन्झाइम) पाहण्याची शिफारस आजही आहे आणि ती पाळण्यास हरकत नाही. पण स्थिर रुग्णात वर्षानुवर्षे दर तीन महिन्यांनी यकृत तपासण्याला कोणताच आधार उरलेला नाही.

आपण ती तपासणी का लिहितो, हे प्रामाणिकपणे तपासा

चार प्रश्नांच्या कसोटीला न उतरलेली तपासणी खोडून टाकली की काम संपावे, परंतु प्रत्यक्षात ती काही महिन्यांत परत येते. ज्या कारणासाठी ती लिहिली जात होती ते कारण जागेवरच असते. म्हणून कारण ओळखणे हा या पद्धतीचा गाभा आहे, आणि ते कारण वैद्यकीय ज्ञानाच्या अभावात क्वचितच सापडते.

सर्वांत मोठे कारण सवय. निवासी डॉक्टर असताना वरिष्ठांनी जे लिहिले ते आपण लिहिले, आणि आपले कनिष्ठ आपले पाहून लिहितात. या साखळीत पुराव्याचा प्रश्न कोणीच विचारत नाही, कारण ती तपासणी ‘निर्णय’ म्हणून कधी घेतलेलीच नसते.

दुसरे कारण माहितीपत्रक. औषधाच्या माहितीपत्रकात ‘वेळोवेळी तपासणी करावी’ असे मोघम वाक्य असते. अशा वाक्यांचा उगम पुष्कळदा मूळ वैद्यकीय चाचण्यांत असतो. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागींच्या तपासण्या मुद्दाम वारंवार केल्या जातात, कारण तिथे औषधाचा स्वभावच अजून समजून घ्यायचा असतो. तो स्वभाव कळल्यावरही तीच वारंवारता नेहमीच्या वापरात ठेवण्याचे काही प्रयोजन नसते. पण माहितीपत्रकात छापलेला मजकूर सहजासहजी मागे घेतला जात नाही, आणि त्याच्याविरुद्ध वागण्याचे धैर्य एकट्या डॉक्टरला होत नाही.

तिसरे कारण पश्चात्तापाच्या असमतोलाचे आहे, आणि मला ते सर्वांत मानवी वाटते. न केलेल्या तपासणीमुळे एखादी इजा राहून गेली, तर तो रुग्ण डॉक्टरला चेहऱ्यानिशी आयुष्यभर आठवतो. विनाकारण केलेल्या तपासण्यांनी ज्यांना मनस्ताप झाला, ज्यांचे उपयोगी औषध बंद पडले, ज्यांच्यावर पुढच्या तपासण्यांची रांग लागली, ते मात्र कोणाच्याच स्मरणात राहत नाहीत, कारण तिथे ‘चूक’ झाली असे कोणी म्हणत नाही. एका दुर्मीळ घटनेच्या आठवणीवर पुढच्या सर्व रुग्णांचे वेळापत्रक ठरते.

याच्याशीच कायदेशीर भीती जोडलेली आहे. ‘उद्या कोणी विचारले तर रिपोर्ट असावा’ हा विचार समजण्यासारखा आहे. पण मागवलेला रिपोर्ट वाचला जाणे, त्यातील वेगळ्या आकड्याची दखल घेतली जाणे आणि ती नोंदवली जाणे हीसुद्धा जबाबदारीच आहे. माझ्या मते, विचार करून टाळलेल्या तपासणीची दोन ओळींची सकारण नोंद ही न वाचलेल्या दहा रिपोर्टांपेक्षा डॉक्टरची अधिक चांगली पाठराखण करते.

आणखी एक कारण उघडपणे बोलले जात नाही: तपासणीचा वापर रुग्णाला परत बोलावण्यासाठी होतो. ‘रिपोर्ट घेऊन या, मग पुढची गोळी लिहून देतो’ असे म्हटले की भेट निश्चित होते. भेट आवश्यक असेलही. मग ती भेट म्हणूनच सांगावी. रक्त काढण्याची अट घातली की ज्याला सुईची धास्ती आहे, ज्याला कामावरून सुटी मिळत नाही किंवा ज्याला खर्च झेपत नाही, तो आधी तपासणी टाळतो, मग भेट टाळतो आणि शेवटी औषधच सोडतो. तिथे तपासणीमुळे होणारे नुकसान औषधाच्या संभाव्य दुष्परिणामाहून मोठे ठरते.

बाकीची कारणे थोडक्यात सांगता येतील. संगणकावर पूर्ण पॅनेल (अनेक घटकांचा एकत्रित तपासणी-संच) एका खुणेत मागवता येते, एकच घटक मागवायला मात्र शोधावे लागते. दोन-तीन विशेषज्ञ एकाच रुग्णाला पाहतात आणि एकमेकांचे रिपोर्ट न पाहता तीच तपासणी पुन्हा लिहितात. जिथे तपासण्यांतून उत्पन्न मिळते तिथे त्यांचा मोह असतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. रुग्णालाही रिपोर्टमुळे दिलासा मिळतो, आणि दिलासा द्यायला डॉक्टरला आवडते.

‘करून घेतलेली बरी’ या समजुतीचे गणित मांडा

जादा तपासणीने फार तर थोडे पैसे आणि थोडे रक्त जाईल, असा समज सर्वत्र आहे. त्याला उत्तर देण्यासाठी संदर्भमर्यादा कशी ठरते हे ध्यानात घ्यावे. बहुतेक घटकांसाठी निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांचे आकडे ‘नॉर्मल’ धरले जातात. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही प्रत्येक घटक मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता 5 टक्के असते. घटक परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरले, तर 12 घटकांच्या पॅनेलमध्ये निदान एक तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता 46 टक्के होते आणि 20 घटकांच्या पॅनेलमध्ये 64 टक्के. प्रत्यक्षात घटक पूर्णपणे स्वतंत्र नसल्याने हा अंदाज थोडा चढा आहे, पण दिशा तीच राहते: पॅनेल जितके मोठे, तितकी निरोगी माणसाच्या रिपोर्टवर लाल अक्षरे उमटण्याची शक्यता अधिक.

दुर्मीळ इजेच्या बाबतीत हे गणित अधिक कठोर होते. एखादी इजा 10,000 रुग्णांपैकी एकाला होते आणि तपासणी निरोगी व्यक्तींपैकी 95 टक्क्यांना बरोबर ‘नॉर्मल’ ठरवते, असे समजा. त्या सर्वांची तपासणी केली तर एका खऱ्या रुग्णामागे सुमारे 500 निरोगी माणसांचा रिपोर्ट ‘बिघडलेला’ येईल. हे एका फेरीचे झाले. दर तीन महिन्यांनी अशा फेऱ्या होत राहतात.

हे 500 जण पुढे काय भोगतात, ते एका नेहमीच्या चित्रावरून पाहू. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. त्वचा दोन महिन्यांत निम्म्याहून अधिक सुधारली आहे, काही त्रास नाही. नेहमीप्रमाणे पूर्ण पॅनेल काढले जाते आणि त्यात एसजीओटी (यकृत-तपासणीतील आणखी एक एन्झाइम) दुप्पट येते. आदल्या संध्याकाळी त्याने जिममध्ये पायांचा जोरदार व्यायाम केलेला असतो, पण ते कोणी विचारत नाही. एसजीओटी स्नायूंमध्येही असते आणि ताणलेल्या स्नायूंतून ती रक्तात येते. एसजीपीटी जवळपास नॉर्मल असणे हीच त्याची खूण होती. तरी औषध थांबते, हिपॅटायटिसच्या तपासण्या होतात, पोटाची सोनोग्राफी होते, तीन आठवडे घरात यकृताची चर्चा चालते. सर्व काही नॉर्मल आल्यावर औषध पुन्हा सुरू होते की नाही, हे कुटुंबाच्या धास्तीवर ठरते. आणि सुरू झाले नाही, तर चेहऱ्यावर राहून जाणारे व्रण कोणत्याही रिपोर्टमध्ये दिसत नाहीत.

याच औषधाबाबत 2022 मध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सहमतीने शिफारस केली की, निरोगी रुग्णात औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि सर्वोच्च डोस गाठल्यावर एकदा एसजीपीटी आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबी) पाहावेत. दर महिन्याच्या तपासण्या आणि सीबीसी करू नयेत, असेही त्यांनी म्हटले. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या रुग्णांची गर्भतपासणी हा मात्र पूर्णपणे वेगळा विषय आहे; तिथे गर्भाला गंभीर इजा होण्याचा धोका सिद्ध असल्याने सवलतीला जागा नाही. तपासण्या कमी करणे म्हणजे सरसकट कात्री लावणे नव्हे, हे सांगायला याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

जी तपासणी राहील ती नीट लिहा

तपासणी ठेवायची ठरल्यावर ती कोणासाठी, कोणत्या घटकासाठी, कधी आणि किती काळ, हे चारही तपशील ठरवावेत.

‘कोणासाठी’ याचे उत्तर औषधाच्या नावावरून देऊ नये. मुरुमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या निरोगी तरुण स्त्रियांत पोटॅशियम वाढण्याचे प्रमाण हे औषध न घेणाऱ्या तशाच स्त्रियांइतकेच आढळले आहे. त्यामुळे तिथे पोटॅशियम वारंवार पाहण्यात हशील नाही. तेच औषध हृदयविकारासाठी, एसीई इनहिबिटरसोबत, मूत्रपिंड कमकुवत असलेल्या सत्तरीतल्या माणसाला दिले, तर पोटॅशियम पाहिले नाही म्हणून मृत्यू ओढवू शकतो. गोळी तीच असली तरी वय, मूत्रपिंड, सोबतची औषधे, मद्यपान आणि आधीचे यकृताचे आजार यांवरून वेळापत्रक ठरते.

‘कोणता घटक’ याचे उत्तर शक्य तितके अरुंद ठेवावे. एसजीपीटी पुरेशी असेल तर पूर्ण एलएफटी कशासाठी? थेट काम करणाऱ्या नव्या रक्तपातळ औषधांवर आयएनआर पाहून डोस ठरत नाही, मूत्रपिंडाचे कार्य मात्र वर्षातून किमान एकदा पाहावे लागते. तरीही जुन्या वॉर्फरिनच्या सवयीने आयएनआर लिहिला जातो आणि क्रिएटिनिन राहून जाते. अनावश्यक तपासणी आवश्यक तपासणीची जागा कशी अडवते, हे इथे दिसते.

‘कधी’ हा प्रश्न शरीराच्या गतीचा आहे. थायरॉक्सिन या थायरॉइडच्या औषधाचा रक्तातील अर्धायुकाल (प्रमाण निम्म्यावर येण्याचा काळ) सुमारे सात दिवसांचा असल्याने डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडच्या कार्याचा निर्देशक) स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात; तिसऱ्या आठवड्यात काढलेली टीएसएच केवळ दिशाभूल करते आणि तिच्यावरून पुन्हा डोस बदलला तर घोळ वाढतो. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी (तांबड्या पेशींवरून रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) तीन महिन्यांच्या आत पुन्हा पाहण्यात सहसा अर्थ नसतो. दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची असते. लिथियमची पातळी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनीच पाहावी. मेथोट्रेक्सेटच्या साप्ताहिक डोसनंतर एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरती वाढू शकते, म्हणून रक्त पुढच्या डोसच्या आधी एक-दोन दिवस काढावे. हे रुग्णाला सांगितले नाही तर निर्दोष यकृतावर ठपका येतो. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोजणीच्या काही पद्धतींत टीएसएच खोटी कमी दाखवतात, तर दंडाला पट्टा बराच वेळ आवळून, मूठ वारंवार उघड-मीट करायला लावून काढलेल्या रक्तात पोटॅशियम खोटे वाढते.

‘किती काळ’ हे लिहिण्याची पद्धतच आपल्याकडे रुजलेली नाही. चिठ्ठीवर ‘दर तीन महिन्यांनी’ लिहिताना ‘दोन तपासण्या स्थिर आल्यास वर्षातून एकदा’ किंवा ‘सर्वोच्च डोसनंतर एक तपासणी, पुढे लक्षणांनुसार’ असे शेवटचे टोकही तिथेच लिहावे. संगणकीय नोंदीत आपोआप पुनरावृत्त होणाऱ्या मागण्यांना मुदत घालता येते. ती सुविधा वापरावी. या एका सवयीने जितक्या तपासण्या कमी होतात तितक्या कोणत्याही परिपत्रकाने होत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

आकडा मर्यादेबाहेर आला तर काय करायचे, हे आधीच ठरवा

रिपोर्ट हातात आल्यावर ठरवायला बसले की घाबरून औषध थांबवले जाते. म्हणून उंबरठे आधीच लिहून ठेवावेत. लक्षणे नसताना एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीच्या आत असेल, तर बहुतेक औषधांत औषध सुरू ठेवून, व्यायाम, मद्यपान आणि अन्य औषधांची चौकशी करून, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे पुरेसे असते. याउलट एसजीपीटी तिपटीहून अधिक, त्याच वेळी बिलिरुबिन (काविळीत वाढणारा घटक) दुपटीहून अधिक आणि त्याला दुसरे कारण नाही, असे दिसले तर औषध तत्काळ थांबवावे. हायमन झिमरमन यांच्या निरीक्षणावरून ओळखली जाणारी ही जोडी गंभीर यकृत-इजेची खूण आहे, आणि अशा रुग्णांपैकी सुमारे दहा टक्के दगावू शकतात. एसीई इनहिबिटर सुरू केल्यावर क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढणे अपेक्षित आहे, ते पाहून औषध बंद करू नये. ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता कमी न करताही क्रिएटिनिन वाढवते, कारण ते मूत्रनलिकांतून होणारा त्याचा निचरा अडवते. आकडा हलला म्हणजे अवयव बिघडला, असे प्रत्येक वेळी नसते.

तपासणीच्या जागी रुग्णाला काय द्यायचे

वर्षानुवर्षे तपासणीची सवय झालेल्या रुग्णाला ‘आता गरज नाही’ एवढेच सांगितले, तर त्याला आपल्याकडे दुर्लक्ष होत आहे असे वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच्या हाती तपासणीपेक्षा उपयोगी काहीतरी द्यावे लागते: कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवायचे, याची नेमकी यादी. अचानक उद्भवणाऱ्या इजेच्या बाबतीत रुग्ण स्वतः जितक्या लवकर बदल ओळखेल तितक्या लवकर कोणतेही वेळापत्रक ओळखणार नाही. बोलण्याचा नमुना असा असू शकतो: “या गोळीमुळे यकृताला त्रास होण्याची शक्यता फार कमी आहे, आणि झालाच तर तो दोन तपासण्यांच्या मध्येही होऊ शकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त काढून आपल्याला संरक्षण मिळत नाही. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, सतत मळमळणे, अंगाला खाज सुटणे किंवा कारण नसताना कमालीचा थकवा येणे, यांपैकी काही जाणवले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी मला कळवा. तेव्हा आपण लगेच तपासणी करू.” हे बोलायला दोन मिनिटे लागतात. गोळी स्वतःहून थांबवण्याची सूचना प्रत्येक औषधाला लागू नसते. अपस्माराचे औषध किंवा दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे असते. अशा रुग्णाला गोळी न थांबवता तातडीने कळवायला सांगावे.

रुग्णांनीही डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये. “डॉक्टर, या रिपोर्टमध्ये काय आले तर माझे औषध बदलेल?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्या डॉक्टरने विचार केलेला आहे त्याला उत्तर लगेच देता येते, आणि ज्याने केलेला नाही त्याला तो करण्याची संधी मिळते.

शेवटी आपल्या निवडलेल्या औषधाचा आढावा घ्यावा. गेल्या सहा महिन्यांत त्या औषधासाठी मागवलेले सगळे रिपोर्ट काढावेत आणि प्रत्येकापुढे फक्त इतकेच लिहावे की, यामुळे निर्णय बदलला का, आणि बदलला असेल तर तो बदल पुढे योग्य ठरला का. हे काम कनिष्ठ सहकाऱ्यांसोबत बसून करावे, कारण पुढची चिठ्ठी तेच लिहिणार आहेत. जे ठरेल ते कारणासह एका पानावर लिहून, त्यावर तारीख घालून ओपीडीत सर्वांना दिसेल असे ठेवावे; नवे पुरावे आले की त्या पानावरचा मजकूर बदलावा, आणि मग पुढचे औषध हाती घ्यावे.